चेहऱ्याचा आजार

माझी आई मणिपूरची. वडील पारनेर तालुक्यातले, फौजेत होते. त्यांची पलटण तिकडं असताना छावणीच्या फाटकाबाहेर आईच्या मामाचं चहाचं दुकान होतं, तिथं त्यांची ओळख झाली. पुढचं दोघांनीही आम्हाला कधी सविस्तर सांगितलं नाही. एका सुट्टीला वडील गावी आले ते आईला घेऊनच, एवढं खरं. तेव्हापासून आई गावातच आहे. वडील नोकरीभर पंजाब, राजस्थान, काश्मीर असे फिरत राहिले आणि आई आमच्या माळावर बाजरी, मटकी करत राहिली. तिला मराठी कुणी बसून शिकवलं नाही. जावांचं ऐकत ऐकत ती बोलायला लागली, त्यामुळं तिच्या तोंडी पुस्तकी शब्द एकही नाही. भिंतीपलीकडून ऐकलं तर आमच्या आळीतलीच कुणी बाई बोलतेय असं वाटावं.

मी दिसायला संपूर्ण आईवर गेले. तसेच डोळे, तसेच गाल, तसंच बसकं नाक. माझा भाऊ वडिलांवर गेला. तू कुठला, असं त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच.

शाळेत मला 'चिनी' म्हणायचे. त्यात दरवेळी दुष्टावा असायचा असं नाही. कुणाला काळ्या म्हणायचे, कुणाला ढब्बू म्हणायचे, तसं मला चिनी. पण गॅदरिंगला बाई देशभक्तीचा कार्यक्रम बसवायच्या तेव्हा मला आईचं तिकडचं नेसणं नेसवून एका कडेला उभं करायच्या. मला मावळा व्हायचं होतं. फेटा बांधून, पुठ्ठ्याची तलवार घेऊन आरोळी ठोकायची होती. चौथीत असताना एकदा धीर करून मी बाईंना तसं म्हणाले. बाई हसल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अगं, असा कसा दिसेल मावळा?" बाई फार प्रेमळ होत्या. म्हणूनच मला त्यांचा धड रागसुद्धा करता आला नाही.

पुढं नगरला नर्सिंग शिकायला गेले. एसटीत कंडक्टर माझ्याशी हिंदीत बोलायचा, रिक्षावाला हिंदीत, भाजीवाली तर खुणांनी भाव सांगायची. मी मराठीत उत्तर दिलं की सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "अरे वा, मराठी छान बोलता!" मी हसून थँक्यू म्हणायचे. माझ्या स्वतःच्या भाषेबद्दल लोकांचे आभार मानायची मला सवयच लागली होती.

शिकून झाल्यावर आरोग्यसेविका म्हणून कंत्राटावर नेमणूक मिळाली ती नेवासा तालुक्यात, सोनईच्या अलीकडच्या एका गावात. उसाचा मुलूख. आमच्या माळापेक्षा हिरवा, लोकही खाऊनपिऊन सुखी. गावाबाहेर दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं आणि मागच्या खोलीत मी राहायचे. गावच्या आशाताई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी कुठल्या?"

"पारनेरची."

"आन् आई?"

"मणिपूरची."

"बरं," म्हणाल्या आणि रजिस्टर उघडून बसल्या. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. वर्षभर छान गेलं. गावाची मला आणि मला गावाची सवय होत होती. बायका बाळांना घेऊन यायच्या, जाताना पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढून टेबलावर ठेवायच्या.

मग करोना आला.

सुरुवातीच्या त्या दिवसांत आम्हाला घरोघर जाऊन ताप, खोकला, बाहेरून आलेलं कुणी आहे का, हे सगळं लिहून आणायचं होतं. गावात बऱ्यापैकी ओळखी झाल्या होत्या, पण वस्त्यांवर मला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यात तोंडाला मास्क. इतरांचा मास्कनं चेहरा झाकला जायचा. माझे मात्र डोळे तेवढे उघडे राहायचे आणि लोक नेमके तेच बघायचे. लोकांच्या मोबाईलवर रोज काहीतरी यायचं. चीनच्या बाजाराचे व्हिडिओ, वटवाघळं, साप. पहिल्या वस्तीवर आम्ही पोचलो आणि अंगणातल्या बाईनं मला बघून पोरांना आत ओढलं. दार लावून घेतल्यावर आतून आवाज आला, "आवो, चायनाची बाई आली दारात!"

आशाताई दारावर थापा मारत ओरडल्या, "आगं ये, पारनेरची हाय ती! आपल्या नगर जिल्ह्यातली हाय!"

दार उघडलं नाही. त्या दिवशी आम्ही अकरा घरं फिरलो आणि त्यांतल्या सात घरांत आशाताईंनी एकटीनं जाऊन विचारून यायचं आणि मी रस्त्यावर उभं राहून लिहायचं, असं करावं लागलं. परतताना एका ठिकाणी बांधावरून कुणीतरी ढेकूळ फेकलं. मला लागलं नाही, पायाशी फुटलं. आशाताईंनी त्या दिशेला वळून अशा शिव्या दिल्या, की तशा मी पहिल्यांदाच ऐकत होते. वर्षभराच्या नोकरीत मी याच लोकांच्या पोरांना लशी दिल्या होत्या, याच बायकांचे रक्तदाब मोजले होते, एवढंच सारखं मनात येत होतं. उपकेंद्रात आल्यावर मी हात धुतले आणि किती वेळ आरशासमोर उभी राहिले. रडू येत नव्हतं. मी माझ्या डोळ्यांकडं बघत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.

पुढच्या आठवड्यात कालव्यापलीकडच्या एका वस्तीवर गेलो. तिथं एका घरी अडीच महिन्यांची मुलगी होती. तिचा डोस चुकला होता. मधे काही दिवस लसीकरण बंद होतं, आता पुन्हा सुरू झालं होतं. तिला उपकेंद्रात आणा हे सांगायलाच मी मुद्दाम गेले होते. म्हातारे सासरे ओट्यावर बाजेवर बसले होते. सून बाळाला पदराखाली घेऊन दारात उभी होती. मला बघून ती दोन पावलं मागं सरली.

म्हातारबाबांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं पाहिलं. ते काही वाईट बोलले नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "खरं सांग. तुझं आईबाप कुठलं?"

आशाताई कालच्या तापाच्या पेशंटला बघायला शेजारच्या घरात गेल्या होत्या. मी एकटीच होते. ऊन होतं, घसा सुकला होता, आणि मागच्या आठवड्याचं ते ढेकूळ मनातून जात नव्हतं.

"दोघंही पारनेरचे," मी म्हणाले.

"मंग तोंड आसं कशानं?"

आणि मी म्हणाले, "लहानपणी आजार झाला होता बाबा. मेंदूला ताप चढला होता. त्यातून वाचले, पण डोळे, चेहरा असा झाला."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर लक्षात आलं की किती सहज निघालं. मी नर्स होते, त्यामुळं ते खरंही वाटलं. म्हातारबाबांचा चेहरा एकदम निवळला. "आरारा," ते म्हणाले, "जिवावरचं तोंडावर निभावलं म्हनायचं." सून दाराच्या बाहेर आली. तिनं मला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन उपकेंद्रात आली, मुलीची मांडी घट्ट धरून बसली आणि मी सुई टोचल्यावर मुलगी रडली तशी स्वतःही रडवेली झाली.

ती गोष्ट वस्त्यांवर पसरायला तीन-चार दिवस पुरले. मी काही न करता दारं उघडायला लागली. "ताप चढल्ता म्हनं लहानपनी." "बिचारीचं लगीन बी झालं न्हाई त्याच्यामुळं." माझं लग्न का झालं नाही याचंही कारण लोकांनी परस्पर लावून टाकलं. एका म्हातारीनं तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. काम होत होतं. सर्वेक्षणाचे कागद पूर्ण व्हायला लागले, लशीला बायका यायला लागल्या. आशाताईंच्या कानावर ते आलंच. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमी सांगितलं का आसं?" मी होकाराची मान हलवली. त्या पिशवी उचलून घरी गेल्या.

मला अपराधी वाटत होतं, असं आज लिहायला बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर त्या दीड महिन्यात मला हलकं वाटत होतं. पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याला लोकांना कळेल असं कारण मिळालं होतं. आजारी माणूस आपलाच असतो. त्याला कुणी हाकलत नाही.

वाहनं थोडी सुरू झाल्यावर एका सकाळी आई-वडील आले. मी तीन महिने घरी गेले नव्हते. वडिलांनी माजी सैनिकाचं कार्ड दाखवत, नाके ओलांडत मोटरसायकल नगरवरून आणली होती. आईच्या मांडीवर बाजरीच्या पिठाचा डबा आणि मटकीची पिशवी. आमच्या गावात वडिलांना सगळे मेजर म्हणतात, आणि आईला मेजरीणबाई. आई गाडीवरून उतरली, स्कार्फ सोडला, मास्क हनुवटीखाली ओढून तोंडावर पाणी मारलं आणि ओट्यावर पाय पसरून बसली. नेमका तो लसीकरणाचा दिवस होता. लांब लांब अंतरावर खुर्च्या मांडलेल्या, पाच-सहा बायका पोरांना घेऊन बसलेल्या. त्यांत ती कालव्यापलीकडची सूनही होती, तिच्या मुलीचा तिसरा डोस होता.

मी आत सिरिंज भरत होते. खिडकी उघडी होती.

सुनेनं आईकडं बराच वेळ पाहिलं असावं. मग मला तिचा आवाज ऐकू आला. "मावशी, तुमी सिस्टरच्या आई का?"

"व्हय."

मग ती अडखळत म्हणाली, "न्हाई म्हनलं... सिस्टरला लहानपनी ताप आल्ता म्हनं. त्याच्यानं तोंड आसं झालं म्हनं. आन् तुमचं बी..."

माझ्या हातातली सिरिंज तशीच राहिली. मला आईची पाठ तेवढी दिसत होती. तिची मान आणि खांदे. तिनं मागं वळून खिडकीकडं पाहिलं नाही. बायका तिच्याकडं बघत होत्या. आता आई काय म्हणेल याचा मला अंदाज होता. आई शांत असली तरी भित्री नाही. डेअरीवर तिला कुणी 'ए नेपाळीण' म्हणालं तर ती कॅन खाली ठेवून त्याच्या घरच्यांची नावं घेत सुनावते.

आई म्हणाली, "व्हय. मला बी झाल्ता त्योच ताप. माज्या आईला बी झाल्ता. आमच्यात बायकांना हुतो."

एक बाई "आगं बया" म्हणाली. सुनेनं मुलीचं टोपडं सारखं केलं. तिला पटलं की कळलं, ते मला सांगता येणार नाही. मी बाहेर जाऊन पहिल्या बाळाचं नाव पुकारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. आई उठली, त्या सुनेच्या मुलीकडं बघून "लई गोड हाय" म्हणाली आणि पीठ ठेवायला आत गेली.

त्या दिवशी आईनं माझ्यासाठी भाकरी केल्या, खोली झाडली, वडिलांनी नळाचा वायसर बदलला. जेवताना ती आमच्या गावातलं सगळं बोलली. कोण पुण्याहून परत आलंय, कुणाची गाय व्यालीय. मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नव्हते. निघताना तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत घट्ट बांधला. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. गाडीला किक मारत ते म्हणाले, "चांगली माणसं दिसत्यात हितली."

नंतर फोनवर आम्ही रोज बोललो, पण हे सोडून सगळं बोललो. मी तीन-चार वेळा "आई, त्या दिवशी" म्हणून सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी तिला काहीतरी काम निघालं.

दिवाळीला सुट्टी मिळाली. पाडव्याच्या दुपारी आम्ही दोघी अंगणात मटकीच्या शेंगा बडवून पाखडत होतो. वडील पारावर गेले होते. मी एकदाचं म्हणाले, "आई, मी खोटं बोलले. मला माफ कर."

तिनं सूप खाली ठेवलं. "म्या बी बोलले की," ती म्हणाली.

"तू माझ्यासाठी बोललीस."

"न्हाई. तवाचं न्हाई म्हनत, लई आधीचं." ती काही वेळ शेंगांची फोलपटं बोटांनी बाजूला करत राहिली. मग तिनं सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलेलं नव्हतं. ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा वडिलांनी आजीला सांगितलं होतं की पोरगी नेपाळची आहे, हिंदू आहे. मणिपूर कुठं आहे हे गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि आईचं घर चर्चला जाणारं. नेपाळ सगळ्यांना माहीत होतं. आईला तेव्हा मराठी येत नव्हतं, पण काय सांगितलं जातंय ते तिला कळलं होतं आणि तिनं मान हलवली होती. चार वर्षं ती नेपाळची होती. बायका तिला पशुपतिनाथाचं विचारायच्या आणि ती काहीबाही सांगायची. माझा जन्म झाल्यावर, मला न्हाऊ घालत असताना एक दिवस तिनं आजीला खरं सांगून टाकलं. आजी सहा महिने तिच्या हातचं जेवली नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग जेवली."

ती पुन्हा सूप उचलणार होती, पण थांबली. "खोटं बोलली त्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "माझ्यासारकं तुला बी बोलावं लागलं. नेपाळची म्हन, भूतानची म्हन, मला काय करायचंय. पन आजार म्हनू नगंस. पोटात तू हुतीस तवा ह्या घरात समदी म्हनत हुती, बापाच्या तोंडावर जाऊ दे पोर. म्या एकटीच म्हनत हुते, माझ्यावर जाऊ दे." तिचा आवाज बदलला नाही, पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "तू झालीस तवा म्या लई हासले हुते."

आम्ही दिवस कलेपर्यंत मटकी पाखडत राहिलो.

कामावर परत आले तेव्हा ठरवलं होतं की आता सांगायचं. सगळ्या गावाला सांगत फिरणं शक्य नव्हतं, पण जिथं सुरुवात झाली तिथं तरी सांगावं. त्या मुलीचा नऊ महिन्यांचा गोवराचा डोस आला होता. सून आली. मुलगी आता बसायला लागली होती, माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत होती. मी कार्डावर तारीख लिहिली आणि म्हणाले, "मला लहानपणी कसलाही ताप आला नव्हता. माझी आई मणिपूरची आहे. तिकडं सगळे असेच दिसतात. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तिनं मुलीला माझ्या टेबलाजवळून उचलून पुन्हा मांडीवर घेतलं. आशाताई कपाटातलं काहीतरी शोधत होत्या, त्यांचे हात थांबले.

"मंग आधीच का न्हाई सांगितलं?" सून म्हणाली.

"सांगितलं असतं तर आणलं असतं का मुलीला?"

तिनं खरंच विचार केला. मला ती त्या क्षणी आवडली, कारण तिला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," ती म्हणाली. "तवा न्हाई आनलं आसतं."

मग तिनं मुलीचा दंड माझ्यापुढं धरला. मी लस टोचली. जाताना ती नेहमीसारखं "येते सिस्टर" म्हणाली नाही, मुलीला खांद्यावर थोपटत निघून गेली.

संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला टोचलं ना?" टोचलं म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाली आणि चुलीवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

पुढचा डोस दीड वर्षाचा. तो त्या मुलीनं आमच्याकडं घेतला नाही. आशाताई म्हणाल्या, सून माहेरी होती, तिकडंच घेतला. तसं असेलही. वस्तीवरच्या बाकीच्या बायका येत राहिल्या. काहींना खरं कळलं होतं, काहींच्या लेखी मी अजून त्या तापातून वाचलेलीच असेन. रस्त्यात म्हातारबाबा भेटले की आधी थांबून चौकशी करायचे, ते नुसती मान हलवून पुढं जायला लागले. चीनच्या बाईला टाळत होते की खोटं बोलणाऱ्या पोरीला, मला विचारायचा धीर झाला नाही. दुसरं कारण असेल तर त्यांचं बरोबरच होतं.

नंतर माझी बदली श्रीगोंद्याकडं झाली. तिथं पहिल्याच बैठकीत कुणी विचारायच्या आधी मीच उभी राहून सांगितलं की माझी आई मणिपूरची, वडील पारनेरचे. लोकांनी ऐकून घेतलं. एका सरपंचबाईंनी मधल्या चहाच्या वेळी जवळ येऊन विचारलं, "मग तुमच्याकडं लग्नं कशी लागतात?" मी म्हणाले, "आमच्याकडं म्हणजे पारनेरला?" त्या गोंधळल्या, हसल्या. मीही हसले. पण बैठक संपेपर्यंत माझे कान गरम होते.

आई माझ्या या नव्या जागी अजून आलेली नाही. मी कितीदा बोलावलं. ती म्हणते गुडघे दुखतात, गाडीवर बसवत नाही. वडील एकटेच येतात. तासभर बसतात, चहा घेतात, आईनं दिलेली पिशवी काढून ठेवतात. मागच्या खेपेला मी त्यांना विचारलं, "आईचे गुडघे खरंच इतके दुखतात का?" त्यांनी कप खाली ठेवला. "काल तर वावरात हुती दिवसभर," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडं न बघता बुटाची लेस बांधू लागले.